सासूचा माठ

खोटं वाटेल, पण झिम्बाब्वेत मासविंगोकडं माठसुद्धा रुसतात.

रेवाईच्या सासूला जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून रिवाजाप्रमाणं आज तिच्या आत्म्याला घरी परत बोलवायचं होतं. त्यासाठी मोड आलेल्या नाचणीची बियर सात दिवस मुरवली होती. चुलीमागच्या ओट्यावर सासूचा माठ मजेत बुडबुडत होता, पण रेवाई जवळ गेली की गप्प व्हायचा.

“वहिनी, आईचं काय गं खाल्लंस?” नणंद सेकेसाईनं चिडवलं, तशा सगळ्याजणी खिदळल्या.

रेवाईची मान खाली गेली. शेवटच्या दुखण्यात म्हातारीनं घोटभरच बियर मागितली होती. पाहुण्यांसाठीचा भरला माठ कणगीमागं लपवून रेवाईनं तिच्यापुढं भोपळ्याचा डाव उपडा धरला होता. “संपली हो, आई.” म्हातारी त्या कोरड्या डावाकडं बघतच राहिली होती.

बायका गुडघ्यांवर बसून टाळ्या वाजवायला लागल्या. “उघड, सूनबाई,” थोरली आत्या म्हणाली. “पहिला घोट तिचा.”

रेवाईनं झाकण काढलं. सकाळी तिनंच काठोकाठ भरलेला माठ ठणठणीत कोरडा होता. तळाशी डाव उपडा पडला होता.

तेवढ्यात कणगीमागून बुडबुड ऐकू आली, आणि सगळ्या बायकांच्या माना तिकडं वळल्या.