कंपनीतून आली तशी

अण्णांना ट्रकच्या केबिनमध्ये चढवायला तिघं लागली. मुलानं खालून आधार दिला, सुनेनं त्यांचा पाय पायरीवर टेकवला आणि गॅरेजवाल्या मिस्त्रींनी वरून हात धरून ओढलं. सीटवर बसले मात्र, अण्णांचे दोन्ही हात आपसूक स्टिअरिंगवर गेले. मुलाच्या जिवात जीव आला.

वर्ष उलटून गेलं होतं, अण्णा त्याला ओळखत नव्हते. चहा पुढे केला की म्हणायचे, तुम्ही कशाला त्रास घेतलात. पोटच्या पोराला साहेब म्हणायचे. नावं गेली, नाती गेली, पण ट्रक तेवढा डोक्यात शिल्लक होता. त्याच्याबद्दल विचारलं की चेहरा उजळायचा. डॉक्टर म्हणाले होते, एखादी जुनी वस्तू दाखवा, लागला धागा तर लागला. मुलाचं मागणं तरी काय होतं? जाण्याआधी एकदा त्यांनी 'पोरा' म्हणून हाक मारावी, एवढंच.

ट्रक त्याच्या चष्म्याच्या दुकानामागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं चाकं टेकून पडला होता. तो दुरुस्त करायचा, आणि नुसता दुरुस्त नाही, कंपनीतून आला तसा करायचा, असं त्यानं मनावर घेतलं. तिथंच वादाला तोंड फुटलं. आला तेव्हा इंजिन कोणतं होतं? मिस्त्री म्हणाले, एवढं धूड ओढायचं तर डिझेलच असणार, त्यात विचारायचं काय? पण जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या मंडळींत एक म्हातारे होते. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि हसायलाच लागले. त्या काळात हे ट्रक कंपनीतून पेट्रोलवरच यायचे म्हणाले. डिझेल मागाहून आलं, आणि मालकांनी आपापल्या हिकमतीनं बसवलं. इंजिनाखाली वेल्डिंग करून जोडलेल्या लोखंडी पट्ट्या त्यांनी दाखवल्या. डॅशबोर्डवर पेट्रोल इंजिनाच्या चोकचं भोक होतं, लाकडी खुंटी ठोकून बुजवलेलं. डिझेलला चोक हवा कशाला?

मग मुलाला आठवलं. अण्णांचं इंजिन मोडीत निघालेल्या मोटरबोटीचं होतं. ट्रकवाले त्यावरून त्यांची यथेच्छ टर उडवायचे. नाकापेक्षा मोती जड म्हणायचे, अण्णांना खलाशी म्हणून हाक मारायचे. अण्णाही त्यांच्याबरोबर हसायचे आणि डिझेल परवडतं म्हणून सोडून द्यायचे. मुलाला मात्र लाज वाटायची. आई तान्हेपणीच गेलेली, त्यामुळे त्याचं निम्मं बालपण त्या केबिनमध्ये गेलं. सगळी केबिन थडथडायची, शेजारी बसून बोललेलं ऐकू यायचं नाही. चांगली गाडी अण्णांनी चार पैशांसाठी बिघडवली, हे त्याच्या मनात तेव्हापासून बसलं होतं. आता आपण ती त्यांना धड करून देऊ, असं त्याला वाटलं.

शोधशोध शोधलं तेव्हा अग्निशामक दलाच्या भंगारात तसलंच पेट्रोल इंजिन सापडलं. फारसं न चाललेलं, जवळजवळ कोरं. मिस्त्रींनी एकदा सांगून पाहिलं की बोटीचं इंजिन अजून ठणठणीत आहे, उगाच चालत्या गाड्याला खीळ घालू नका. मुलानं ऐकलं नाही. भंगारवाल्यानं बोटीच्या इंजिनाचे तिथंच अंगणात घणानं तुकडे केले आणि ते हातगाडीवर घालून नेले. मुलगा तेव्हा दरवाजाला रंग देत होता. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आज त्यानं बटण दाबलं आणि इंजिन सुरू झालं. काय आवाज, लोण्यासारखा मऊ. मिस्त्रीही खूश झाले. अण्णांनी मान वर केली.

"पेट्रोल का हो?"

"हो अण्णा. कंपनीतून आली होती तशी."

अण्णांनी डॅशबोर्डवर हात फिरवला. न बघता बरोबर चोकवर बोट गेलं, त्यांनी तो हळूच आत ढकलला.

"अगदी अशीच आली होती," ते म्हणाले.

सुनेनं पदर डोळ्यांना लावला. मुलगा पायरीवर चढला, त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. आता हाक येईल असं त्याला वाटलं.

अण्णांनी इंजिन बंद केलं आणि नाकाला रुमाल धरला.

"गाडी झकास आहे साहेब. पण लेकरू घेऊन फिरणार असाल तर हे इंजिन काढा. हा वास माझ्या पोराला सोसेना. घाट लागायच्या आधीच ओकायला लागायचं, पार मलूल व्हायचं. आई नाही त्याला. ठेवू कुणापाशी? मग काढलं हे आणि बोटीचं घातलं. लोक हसतात. हसू देत. त्या आवाजात पोर गाढ झोपतं."

मुलानं दरवाजाची कड घट्ट धरली.

"अण्णा, तो मीच."

अण्णा हसले. परक्या माणसानं थट्टा केली तर भिडेनं हसावं, तसे. मग त्यांनी खाली उतरवायची खूण केली. तिघांनी त्यांना उतरवलं. ते अंगणात उभे राहिले, शेडकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कावराबावरा झाला.

"येतो आम्ही, साहेब. आमची डिझेलची कुठं लावलीय तेवढं दाखवा. पोर एकटंच झोपलंय आत."