थंडीतलं धुकं

कारखाना बंद होऊन वर्षं झाली, पण थंडीत इथला धूर अजूनही वर चढत नाही, दारातच ठाण मांडून बसतो. शेजारी राहणारे कारखान्याचे जुने मॅनेजर आज नाकाला रुमाल लावून माझ्या दारात आले.

“वहिनी, तुमच्या चुलीच्या धुरानं जीव नकोसा झालाय हो. काहीतरी करा.”

“धूर कुठला, साहेब? धुकं आहे ते. थंडीत पडायचंच.”

ते चपापले. आमच्या ह्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात, रात्री तरी कारखान्याची चिमणी बंद ठेवा म्हणून मी साहेबांच्या केबिनमध्ये पदर पसरला होता. तेव्हा मान वर न करता त्यांनी मला हेच सुनावलं होतं.

खोकत खोकत ते परत गेले. मी अंगणातल्या चुलीत आणखी दोन ओली लाकडं सारली, फुंकर घातली आणि घरात येऊन गॅसवर चहा ठेवला.