बसलेलं माणूस पडत नाही

नारीन गावच्या ऊलकान आपा व्हीलचेअरवर असतात, म्हणून त्यांच्या मनगटाला एक पट्टा बांधला गेला. माणूस पडलं की तो आपोआप मदत केंद्राला फोन लावतो. पण जेवण झाल्यावर रिवाजाप्रमाणे आपा दुआ मागून दोन्ही हात चेहऱ्यावरून खाली उतरवून "ओमीन" म्हणाल्या, की पट्टा बोंबलायचा: आपा पडल्या!

"एल्दियार, मेल्या, हा सुखानं जेवूही देईना," आपांनी केंद्रातल्या पोराला सुनावलं.

"दुआ जरा सावकाश मागा ना, आपा. हात झपकन खाली आला की त्याला वाटतं तुम्ही पडलात."

"आणि खुर्चीतून खरंच पडले तर?"

"बसलेलं माणूस काय पडणार!" तो हसला. "चाचणी चालत्या माणसांवर झालीय."

शुक्रवारी चाक उंबऱ्याला अडकलं आणि आपा घसरून फरशीवर आल्या. मांडीचं हाड मोडलं. घरात कुणी नाही, हाका मारून घसा बसला, आणि पट्टा ढिम्म.

मग आपांना सुचलं. तशाच पडून त्यांनी हात वर केले, या पट्टेवाल्यांचं वाटोळं होवो असं मनापासून मागितलं आणि हात झपकन चेहऱ्यावरून खाली ओढले. "ओमीन!"

पट्टा लगेच बोंबलला. फोन लागला.



"झालं का जेवण, आपा?" एल्दियारनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.