कूलरचं तोंड

डोमाजीनं घण उचलला आणि पंचफुलाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"भाऊ, आदी इचारा."

"कोनाले?"

"त्याईले." तिनं कूलरकडे हनुवटी केली.

नालवाडीच्या टोकाला डोमाजीचं भंगाराचं आवार. मे महिन्याची दुपार, कडुनिंबाचं पानही हलायला तयार नाही. मधोमध तो जुना पत्र्याचा कूलर, केळझरहून मालाच्या ऑटोत घालून आणलेला. तांब्यासाठी डोमाजीनं त्याची मोटर केव्हाच उपसून काढली होती. पंख्याचं पातंही वेगळं पडलं होतं. उरला होता नुसता डबा. पुढं जाळी, बाजूला वाळून कोळ झालेल्या गवताच्या ताट्या.

"माय, चाल ना व," आदेश वैतागला. घरी प्लास्टिकचा नवा कूलर आला तेव्हापासून हा जुना काढायचं या लेकानंच मनावर घेतलं होतं. "तुमी मारा, डोमाजीभाऊ. बाबा गेल्यापासून तिचं हेच चालू हाय. म्हन्ते, बाबा कूलरमंदी हायेत."

डोमाजी हसला नाही. तिच्या नवऱ्याला, पुंडलिकरावांना, तो ओळखून होता.

"पिठात का दिसलं होतं, बाई?" त्यानं विचारलं.

माणूस गेलं की जीव गेल्या जागी पीठ पसरायचं, दिवा ठेवायचा आणि वरून टोपलं झाकायचं. सकाळी पिठात ज्याची खूण, त्याचा जन्म. कुणाचं पाखराचं पाऊल निघतं, कुणाची मुंग्यांची रांग.

"जाळी," पंचफुलाबाई म्हणाली. "पाऊल नाई, पाखरू नाई. उभी-आडवी जाळी. साऱ्या आळीनं पायली."

"टोपलं टेकलं असन पिठाले!"

"टोपलं म्याच झाकलं होतं. तुही आजी गेली तवा झाकलं, आजा गेला तवा झाकलं. तवा काऊन नाई टेकलं रे?"

आदेशनं तोंड फिरवलं. ऑटोवाला कैलास गाडीला टेकून खर्रा चघळत होता, तो गालात हसला.

डोमाजीनं घण खाली ठेवला. तशी त्याची रीतच होती. बंद वस्तू आली की आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकायची, आत कोणी असेल त्याला बाहेर यायला सांगायचं, मग तोडायची. एका वॉशिंग मशीनमधून नाग निघाला होता. एका फ्रीजमधून तर कोंबडी निघाली होती, पिल्लांसकट, आणि वरून डोमाजीलाच टोचून गेली होती. कूलर उघडा म्हणून त्यानं आज ठोकलं नव्हतं, एवढंच.

बाजू ठोकायची म्हणून त्यानं डबा फिरवला. जाळी पंचफुलाबाईसमोर आली तशी ती झटकन बाजूला सरकली.

"तोंड माह्याकडं नका करू, भाऊ. त्याईले चालत नाई."

"काऊन?"

"कूलरचं तोंड त्याईच्या खाटेकडंच पाह्यजे. पोरगं तापानं फणफणलं होतं, तवा म्या बोटभर वळवलं, तं झोपेतून उठून बसले. जल्मभर माह्याकडं कूलरची पाठच. बसा म्हनलं, तुमीच गार बसा. पन पत्र्यासंगं माणूस कुटायचं नाई, भाऊ. घरचं माणूस हाय."

डोमाजीनं डबा भिंतीकडे वळवला. मुठीनं ठोकलं.

"कोनी असन तं निंघा बावा. मी मोडून राह्यलो. मंग म्हनसान, सांगतलं नाई."

काही नाही.

त्यानं परत ठोकलं. "पुंडलिकराव, निंघा जी."

आतून कोणीतरी खाकरलं. दुपारच्या झोपेतून उठवल्यावर म्हातारा माणूस खाकरतो, तसं, थोडं रागानंच.

कैलासचं चघळणं थांबलं. आवारात ओल्या गवताचा वास सुटला. आणि त्या रिकाम्या डब्यातून वारा निघाला. भिंतीला टेकवलेले पत्रे थरथरले, रद्दीचे कागद उडून कुंपणाला चिकटले. फाटक आपसूक उघडलं, कुरकुरलं आणि तसंच राहिलं. मग सगळं शांत.

"हवा दबून बसली असन आत," आदेश म्हणाला, पण हळूच.

"मोटर इथं माह्या पायाशी हाय, राजा," डोमाजी म्हणाला. "हवा फेकली कोनं?"

पंचफुलाबाईनं पदर डोक्यावर घेतला. उघड्या फाटकाकडे पाहिलं.

"निंघाले. आता मोडा."

डोमाजीचा हात काही घणाकडे जाईना. तेव्हा तिनंच तो दोन्ही हातांनी उचलला आणि पत्र्यावर घातला. ठण्ण! रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.

"पहा," ती म्हणाली, "रिकामा हाय."

परतीला पवनारच्या पुलाजवळ एक ट्रक आडवा झाला होता. पुढच्या-मागच्या गाड्या थांबल्या. कैलासनं इंजिन बंद केलं आणि दुपट्ट्यानं वारा घेऊ लागला. ऑटोच्या पुढच्या सीटवर तिघंजण दाटून बसलेले. पत्रा तापलेला. आदेशचा शर्ट पाठीला चिकटला होता.

त्यानं आईकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. तिचा पदर फडफडत होता. कपाळावरचे पांढरे केस मागे उडत होते.

त्यानं हात खिडकीबाहेर काढला. नुसती झळ. मग तोच हात आईच्या तोंडासमोर धरला. बोटं गार पडली. ओल्या गवताचा वास आला.

"हात काढ, आदेश," ती म्हणाली. "वारा अडून राह्यला."

त्यानं हात काढला. तिनं डोळे मिटले, मान मागे टेकली आणि समोरच्या काचेला म्हणाली,

"आता तोंड इकडंच राहू द्या."