सकाळी जाऊन संध्याकाळी परत

अनंतरावांच्या गुडघ्यांना घाटंजीचा प्रवास सोसत नाही. त्यामुळे भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं, ही रीत त्यांच्याकडे उलटी चालते. थोरल्या विमलताईच घाटंजीहून एसटीने यवतमाळला येतात, भावाला ओवाळतात आणि संध्याकाळी परत जातात.

यंदा ओवाळून झाल्यावर अनंतरावांनी त्यांना टीव्हीवर फोटो दाखवले. त्यांचा मुलगा श्रेयस दक्षिण अमेरिकेत, अँडीजच्या डोंगरातल्या क्विटो शहरात नोकरीला आहे. महिनाभर त्याच्याकडे राहून ते नुकतेच परतले होते.

"हा ज्वालामुखी, ताई. सकाळी निघालो, संध्याकाळी घरी. हा तिथला बाजार, तोही एका दिवसात. अन् हा धबधबा. खाली जायले पायऱ्याच पायऱ्या."

"तू उतरला?"

"चढलो पण," अनंतराव अभिमानाने बोलून गेले.

मग अनंतराव टीव्हीचा रिमोट शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता.

विमलताईंनी करंज्यांचा रिकामा डबा पिशवीत ठेवला, चपला घातल्या आणि दारातून मायेने म्हणाल्या,

 

"अनंता, पुढच्या वक्ती तिकडूनच घाटंजीले येजो. यवतमाळहून तुले दूर पडते."