दिवा हलला का?

वीजघराचा भोंगा वाजला तसं मी चहाचं आधण ठेवलं आणि दिवसाढवळ्या स्वयंपाकघरातला दिवा लावून त्याच्याकडे बघत बसले. उद्यापासून एका चालू जनित्राला दुसरं जोडायचं काम म्हणे संगणक करणार. म्हणून आज शेवटचा खटका ओढायला ह्यांना बोलावलं होतं. निवृत्त झाले तरी वीजघरात मान ह्यांचाच.

लग्न होऊन वसाहतीत आले तेव्हा ह्यांनीच मला समजावलं होतं. दोन्ही जनित्रांच्या तिन्ही फेजचा क्रम जुळला, की पॅनलवरचे तीन दिवे एकदम लागतात, एकदम विझतात. तिन्ही विझलेले असतात त्याच क्षणी खटका ओढायचा. अंमळ चुकलं तर धक्का बसतो आणि सगळ्या वसाहतीतले दिवे थरथरतात.

तेव्हापासून पाळीहून आल्यावर ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दिवा हलला का गं?" मी खरं तेच सांगायची. हलला असेल त्या दिवशी मात्र मुकाट्याने ह्यांच्या चहात चमचाभर साखर जास्त घालायची.

आज दिवा चांगलाच थरथरला.

हे आले ते गळ्यातल्या हारासकट. चपला काढायच्या आधीच विचारलं, "हलला का गं?"

"छे! कळलंसुद्धा नाही."

चहाचा पहिला घोट घेऊन हे माझ्याकडे बघत हसले. "खरंच?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. हाताने सवयीने साखर जास्तच घातली होती.