तबकडीची बैठक

"कोणी आलं की याले गोधडीखाली काहून लपवता? चोरीचा आहे का?" त्यांच्या बायकोनं, प्रेमिलानं विचारलं.

देवरावांनी टेपरेकॉर्डरवर गोधडी ओढली आणि सदऱ्याची बटणं लावायला घेतली. चोरीचा नव्हता. चोरीचा असता तर इतकी लाज वाटली नसती.

"इतकं कामाचं आहे बिचारं," प्रेमिला म्हणाली. "लाइन गेली तरी सेलवर गाते."

"हळू बोल वं. आज गोपाळरावांकडे बैठक आहे."

"मंग सांगून टाका ना एकदाचं. गळा कापतील का?"

गळा कोण कापतो? पण बैठकीच्या सतरंजीवरून उठवलं असतं. आठवडाभर टपालावर शिक्के मारणाऱ्या देवरावांना त्या सतरंजीवरच आपण कोणीतरी आहो असं वाटे. ती गेली तर रविवार कशाला यायचा?

महाल भागातल्या गोपाळरावांच्या माडीवर निवडक मंडळी जमत. नियम कडक. बोलायचं नाही, ठेका धरायचा नाही, मान डोलवायची तीही बेतानं. गोपाळराव मखमलीच्या फडक्यानं तबकडी पुसत, सुई ठेवत आणि डोळे मिटत. गाणं ऐकावं तर तबकडीवर. कॅसेट म्हणजे डबडं. "डबडं पानठेल्यावर शोभतं," असं ते म्हणाले की सगळे हसत. देवरावही हसत. घरी डबडं आल्यापासून तर जरा जास्तच.

दिवाळीच्या बैठकीत त्यांची चांगलीच फजिती झाली होती. तोडी अगदी रंगात आलेली, आणि देवरावांना खोकल्याची उबळ आली. गोपाळरावांनी डोळेसुद्धा न उघडता सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "हळू, देवराव. ही तबकडी आहे, पानठेल्यावरचं डबडं नव्हे." त्या दिवशी देवरावांना धरणी फाटावी असं झालं होतं. तेव्हापासून ते तोंडात खडीसाखर धरूनच बसत.

आजही खडीसाखर घेऊन, सक्करदऱ्याहून सायकल हाणत, घामाघूम होऊन ते माडीवर पोचले.

पंखा गरगरत होता. स्पीकरची पेटी आतल्या खोलीच्या दाराशी, पडद्याला लागून होती. पूर्वी ती खिडकीखाली असायची. "तिथं आवाज कोंडतो," म्हणून गोपाळरावांनी संक्रांतीनंतर ती हलवली. पडद्याआड त्यांच्या पत्नी सिंधूताई बसत. त्या तिथूनच ऐकत.

"नवी सुई आली काय गा मुंबईहून?" चंपतरावांनी विचारलं. देवरावांसारखेच तेही जुने ऐकणारे.

"येईल," गोपाळराव तबकडी पुसत म्हणाले. "आज तोडी."

हल्ली दर रविवारी तोडीच असे. खरा रसिक एकच चीज महिनोन् महिने ऐकतो, असं गोपाळरावांचं म्हणणं. तीही पुरती नाही. अर्ध्यावर आली की "सिंधू, चहा!" अशी हाक मारून ते सुई उचलत. एका दमात एवढं सुख पचत नाही म्हणे. मोठ्या माणसाच्या रीती मोठ्या. कोण विचारणार?

सुई ठेवण्याआधी गोपाळराव थांबले.

"आपल्यापैकी कोणीतरी बर्डीवरून डबडं विकत आणलं, असं कानावर आलंय. नाव मी विचारत नाही. ज्यानं आणलं त्यानं आपणहून उठावं. एकदा त्या खरखरीची सवय लागली की कान गेलाच. अशा माणसाला इथं जागा नाही."

कोणी हललं नाही. देवरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तबकडी फिरू लागली आणि तोडी सुरू झाली.

"वा! काय साफ आवाज आहे," चंपतराव पुटपुटले. "श्वाससुद्धा ऐकू येऊन राहिला. डबड्यात हे कुठलं?"

देवरावांना रडूच फुटायचं बाकी होतं. हीच तोडी घरी डबड्यावर ऐकतानाही त्यांचे डोळे असेच भरून आले होते. प्रेमिलासमोर त्यांनी तोंड फिरवलं होतं. म्हणजे आपला कान खोटाच. इतकी वर्षं आपण या मंडळींत उगाच बसलो, रसिकाचं सोंग घेऊन.

ते उठून उभे राहिले. खडीसाखर गालात सरकवून म्हणाले, "मी आणलं. माह्या घरी आहे. रोज ऐकतो."

गोपाळरावांनी डोळे उघडले. पण ते देवरावांकडे पाहीनात. पडद्याकडेच पाहत राहिले.

"तुम्ही, देवराव?" ते म्हणाले. "मग नियम तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"जाऊ द्या ना, गोपाळराव," चंपतराव म्हणाले. "जुना माणूस आहे."

"नियम म्हणजे नियम."

देवराव मान खाली घालून दाराशी गेले. कोणी अडवलं नाही. चपलेचा अंगठा सापडेना. मागं तोडी चालली होती आणि ती पुन्हा इथं ऐकायला मिळणार नाही, या विचारानं त्यांचा जीव तुटत होता. निदान ही तरी पुरती ऐकून जावं म्हणून ते उंबऱ्याशी रेंगाळले.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा घरघरत मंदावला आणि थांबला. लाइन गेली होती.

तबकडीही मंदावली. एक अर्धा फेरा घेऊन जागच्या जागी थांबली. सुई तिच्यावर तशीच टेकलेली होती.

तोडी चालूच राहिली.

चंपतरावांची डोलणारी मान मधेच थांबली. सगळे तबकडीकडे पाहू लागले. गोपाळरावांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. पडद्याआडच्या सिंधूताईंना काय कळणार? त्या चहाच्या हाकेची वाट पाहत होत्या.

तोडी अर्ध्याच्या पुढं गेली, आणि कोणीतरी जोरात खोकलं. सगळ्यांनी वळून देवरावांकडे पाहिलं. देवराव दारात उभे होते, तोंडात खडीसाखर, ओठ घट्ट मिटलेले.

आणि पडद्यामागून, माडीभर ऐकू जाईल असा गोपाळरावांचा खणखणीत आवाज आला, "हळू, देवराव. ही तबकडी आहे, पानठेल्यावरचं डबडं नव्हे."